दुपारची गल्ली: नेरिमा, ३६ अंश

सावलीकडून (११ ऑगस्ट, रात्री)

आज इथे सुट्टी. 'डोंगर दिवस'. २०१६ पासून जपानने डोंगरांच्या नावाने एक सुट्टी ठेवली आहे आणि ती नेमकी अशा दिवसांत, की डोंगर राहू दे, स्टेशनचा जिना चढवत नाही. नवरा आणि लेक एसीखाली आडवे झालेले. मला चारनंतर घरात बसवेना. छत्री घेतली, पाण्याची बाटली विसरले आणि बाहेर पडले.

आम्ही तोक्योच्या नेरिमा वॉर्डात राहतो. आधी सहा वर्षं निशि-कासाईला होतो. तिथे बिल्डिंगखाली उतरलं की कुणीतरी आपलं भेटायचंच, मराठीत पुटपुटायचीही चोरी. नेरिमा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वायव्येला. मुळा आणि उकाडा यांसाठी प्रसिद्ध. समुद्रावरून निघालेला वारा अख्खं शहर ओलांडत, तापत तापत येतो आणि आमच्या गल्लीत बसकण मारतो.

फोटो नाहीत, आधीच सांगते. लोकांची घरं आहेत, फाटकावर आडनावांच्या पाट्या आहेत.

गल्लीला लागलं की आधी कान भरतात. 'सेमी', म्हणजे सिकाडा. आमच्याकडे मुख्यतः दोन प्रकार. एक सलग 'जीऽऽऽ' करणारा, कढईत तेल तापावं तसा. त्याचं नाव आबुराझेमी. आबुरा म्हणजे तेलच. दुसरा 'मीऽन मिन मिन मिन मीऽऽ' असं स्वतःचं नाव सांगत सुटतो, तो मिन्मिन्झेमी. रातकिडे नव्हेत हे. ऐन उन्हात ओरडतात. एक रस्त्यावर उताणा पडला होता. पहिल्या वर्षी असाच एक मेलेला समजून कागदाने उचलायला गेले आणि तो फर्रकन तोंडावर आला. आता शिकलेय: पाय पोटाशी मिटलेले असले तर संपला, फाकलेले असले तर अजून आहे. वाकून पाहिलं. फाकलेले. लांबून वळसा घातला.

पुढच्या कोपऱ्यावर एका घरासमोर डांबर ओलं. पावसाचा पत्ता नाही. पळीने पाणी फेकल्यावर उमटतात तसे लांबुडके फटकारे. याला उचिमिझु म्हणतात. आपला सडाच, शेण-रांगोळीशिवायचा. संध्याकाळी दारापुढे पाणी मारलं की ते वाळताना जरा गारवा येतो. मी उभी राहून पाहत होते तोवर ओल्याच्या कडा आत सरकायला लागल्या. मधे काळं, भोवती राखाडी होत जाणारी किनार. म्हणजे पाणी मारून दोन-तीन मिनिटंही झाली नसावीत. दार बंद, वेताचा पडदा खाली सोडलेला. कुंडीशेजारी निळी बादली पालथी घातलेली, तिच्या काठावरून अजून एक-एक थेंब गळत होता.

सगळ्या फेरीत हेच. माणूस दिसत नाही, पण आत्ता इथे होता. दोरीवर दोन शर्ट, चिमट्यांतली मोज्यांची जोडी, फाटकाला अडकवलेली छत्री, आतून बेसबॉलच्या सामन्याचं समालोचन. पन्नास मिनिटांत प्रत्यक्ष माणसं भेटली पाच. त्यातला एक रस्त्याच्या कामावरचा गडी. त्याच्या जॅकेटला पाठीमागे दोन पंखे बसवलेले, आत हवा भरून तो फुग्यासारखा टम्म झालेला. मान झुकवून त्याने मला वाट दिली तेव्हा फुगाही झुकला.

घरांच्या मधेच वांग्यांचं एक वावर आहे. तोक्यो शहरात! नेरिमात अशी शेतं बरीच उरली आहेत. कडेला पत्र्याचं छप्पर, फळीवर काकड्यांच्या पिशव्या, पैशांसाठी डबा. विकायला कुणी नाही. पिशवी शंभर येनला, माझ्याजवळ पाचशेचं नाणं. सुटे कोण देणार? कोपऱ्यावरच्या यंत्रातून बार्लीच्या चहाची गार बाटली घेतली (विसरलेल्या पाण्याचीही सोय झाली), यंत्राने सुटे परत केले, मागे येऊन शंभराचं नाणं डब्यात टाकलं. आत खणकन वाजलं. माझ्या आधी कुणीतरी घेऊन गेलं होतं म्हणायचं.

त्याच गल्लीत एक बंद घर आहे. पत्रपेटीच्या तोंडावर चिकटपट्टी, वेल खिडकीपर्यंत चढलेला, अंगणात माझ्या खांद्याएवढं गवत. त्याला लागून एका जुन्या घराच्या जागेवर तीन नवी घरं उभी केलीत, बारीक, तिमजली, अंग चोरून. त्यांच्या भिंतींमधून मांजर जाईल, माणूस नाही.

आणि शेवटी कारल्याचं घर. खालपासून वरच्या मजल्यापर्यंत जाळी ताणून तिच्यावर कारल्याचा वेल सोडलेला, खिडकी पूर्ण हिरवी. एक आजी कात्री घेऊन बाहेर आल्या. 'तुमच्या देशात गोया असतो का?' म्हणाल्या. गोया म्हणजे कारलं. असतो म्हटलं, पण असा गलेलठ्ठ नाही, आमचं निमुळतं आणि जास्त खवल्यांचं. त्यांनी एक पिकून पिवळंधमक झालेलं, तोंड फाटलेलं कारलं दाखवलं. आत लालभडक बिया. लहानपणी कागोशिमाला (पार दक्षिणेला) आम्ही हे लाल चोखायचो, गोड असतं, म्हणाल्या. मग एकदम 'ऊन आहे, जा घरी' म्हणून आत गेल्या.

आता जाणकारांना दोन प्रश्न. एक: बऱ्याच घरांच्या कुंपणाशी पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने का ठेवलेल्या असतात? दोन: आमच्या गल्लीची कड सरळ का नाही? एका घरापुढे रुंद, दुसऱ्यापुढे अरुंद, दात पडल्यासारखी.

फणसाची_आठळी

धागा आवडला. पिकल्या कारल्याच्या बिया आम्हीही चोखायचो! आई म्हणायची, 'कडू माणसाला म्हातारपणी गोडवा येतो तसं.' त्या आजींना सांगा, रत्नागिरीत त्यांची एक चुलत बहीण आहे.

बाटल्यांचं वाचून हसू आलं. आमच्याकडे दारात लाल नाहीतर निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात, कुत्रं घाण करू नये म्हणून. जपानात पण कुत्र्यांसाठीच का?

ओसाकाकर

मांजरांसाठी. नेकोयोके म्हणतात, मांजर-हटाव. बाटलीतलं पाणी चमकलं की मांजर बिचकतं असा समज. आमच्या गल्लीतलं एक बोकोबा याच बाटलीला पाठ टेकून झोपतं, उन्हाळ्यात गार लागत असावी. उलट अग्निशमनवाले दरवर्षी सांगतात की अशा बाटल्या ठेवू नका. गोल बाटली भिंगाचं काम करते, ऊन एका ठिकाणी गोळा होतं आणि शेजारचं लाकूड किंवा कागद पेटू शकतो. तरी लोक ठेवतात. शेजारी ठेवतो म्हणून ठेवतात.

सेमींबद्दल: तुमचे तोक्योचे सेमी सभ्य. आमच्याकडे कुमाझेमी. काळा, जाडजूड, सकाळी सहालाच 'शाऽ शाऽ शाऽ' सुरू, गजराची गरज नाही. हा वाळक्या काटक्यांत अंडी घालतो. मागे पश्चिम जपानात घरोघरी इंटरनेटची काळी केबल आली तेव्हा याला ती काटकीच वाटली. केबलमध्ये भोकं पाडून अंडी घातली आणि लोकांचं नेट बंद. शेवटी केबलच बदलून टणक करावी लागली.

रुळावरून_घसरलेला

म्हणजे इथली कुत्री आणि तिथली मांजरं एकाच शाळेत शिकलेली, आणि दोन्हीकडची माणसं एकाच शाळेत नापास. हलके घ्या.

'नेट का गेलं?' 'किड्याने अंडी घातली.' ऑफिसात सांगून बघतो.

तळमजला

लेखन छान, पण दर दोन महिन्यांनी जपानचा एक धागा येतो आणि त्यात विकायला कुणी नसलेलं दुकान येतंच. पुढचा प्रतिसाद 'आपल्याकडे असतं तर डबाच पळवला असता', त्याखाली वीस जण +१. मग गुळगुळीत रस्ते, मग 'शिस्त रक्तातच असावी लागते'. कंटाळा आलाय. रक्तात कुणाच्याच काही नसतं.

सावलीकडून

@तळमजला, रक्ताचं मी कुठे म्हटलं? बरं, दुसरी बाजू. भाजीची फळी त्या गल्लीत तशी आहे, पण दोन चौक पुढे त्याच भाज्या नाणी टाकायच्या कुलूपबंद कप्प्यांत आहेत. का, ते तुम्हीच ओळखा.

आणि शिस्त कशी येते तेही सांगते. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी चुकून वेगळी पिशवी ठेवली. संध्याकाळी येऊन बघते तर कोपऱ्यावर सगळं साफ, कावळ्यांसाठीची निळी जाळी घडी करून ठेवलेली आणि मधोमध माझी एकटीची पिशवी. वर चिठ्ठी चिकटवलेली: ही नेता येत नाही. कुणी एक शब्द बोललं नाही. ती पिशवी उचलून घरापर्यंत गेले ते चाळीस पावलांचं अंतर मला आजही आठवतं. शाळेत बाकावर उभं केल्यासारखं. त्यानंतर चूक नाही. रक्त नव्हे हो, भीड.

फणसाची_आठळी

चाळीस पावलं! 😄

नकाशातला_माणूस

नागोयात राहतो, व्यवसायाने नगररचनेतला, त्यामुळे दुसरा प्रश्न माझा.

दात पडलेल्या गल्लीचं कारण १९५० चा बांधकाम कायदा. नियम असा, की घर बांधायचं तर ते किमान चार मीटर रुंद रस्त्याला लागून हवं. पण जुन्या गल्ल्या दोन-अडीच मीटरच्याच होत्या. त्या पाडणार कशा? म्हणून तोड काढली: आहे ते घर राहू दे, पण पाडून नवं बांधशील तेव्हा गल्लीच्या मध्यापासून दोन मीटर सोडून मागे सरक. म्हणजे ज्याने घर नव्याने बांधलं त्याच्यापुढे गल्ली रुंद, जुन्या घरापुढे अरुंद. तुमच्या तीन बारीक घरांसमोर गल्ली रुंद असेल आणि बंद घरासमोर अरुंद. बघून सांगा. ही सोडलेली जागा रस्ता म्हणून मोकळी ठेवायची असते, तिथे कुंपण घालता येत नाही. म्हणून लोक तिथे कुंड्या ठेवतात. कुंडी काय, हलवता येते! तीस वर्षं हलत नाही हा भाग वेगळा.

गल्लीला नावं नसतात हेही तुमच्या लक्षात आलं असेल. पत्ता म्हणजे भागाचं नाव, मग चोमे (त्या भागाचा क्रमांक दिलेला तुकडा), मग ठोकळ्याचा, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या गटाचा, क्रमांक, मग घराचा. आधी हे आकडे जमिनीच्या नोंदीवरून पडलेले होते, त्यामुळे सातच्या शेजारी एकवीस असा प्रकार. १९६२ साली नव्या पत्त्यांचा कायदा आला, तेव्हापासून ठोकळ्याभोवती फिरत ठरावीक अंतराने आकडे देतात. म्हणून कधीकधी दोन शेजाऱ्यांचा क्रमांक एकच येतो आणि पार्सल बदलतात. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला यात नवल नाही. आमचा पत्ता नुसता आकडा आणि पेठ. पोस्टमन बदलला की पंचाईत.

ओसाकाकर

यात भर. पत्ता सांगता येत नसेल तर पेयांचं यंत्र शोधा. त्यावर त्या जागेचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असते. कुणी रस्त्यात पडलं, रुग्णवाहिका बोलवायची, तर 'आम्ही कुठे आहोत' हे यंत्रावरून वाचून सांगायचं. @सावलीकडून यांनी त्याला वाण्याचा गल्ला केला, ते एक असो.

तळमजला

@नकाशातला_माणूस, हे आवडलं. हे असं लिहा की राव. माझ्या आजोळी रस्तारुंदीत वाड्याची अर्धी ओसरी गेली, ती एका दिवसात, जेसीबी लावून. 'बांधशील तेव्हा सरक' म्हणजे साठ-सत्तर वर्षं लागली तरी चालेल, असा सरकारी धीर कुठून येतो देव जाणे. आणि गाड्या? एवढ्या अरुंद गल्लीत लोक गाड्या लावतात कुठे?

नकाशातला_माणूस

लावतच नाहीत, तीच गंमत. गाडी नावावर करायची तर आधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते, घरापासून दोन किलोमीटरच्या आत, आणि पोलिस त्याचा दाखला देतात. हा कायदाही १९६२ चाच. छोट्या 'केई' गाड्यांना थोडी सूट आहे. रात्री रस्त्यावर गाडी सोडता येत नाही. गल्ली रिकामी दिसते त्याचं निम्मं श्रेय या दाखल्याला. आपल्याकडे अशी अट आणायची चर्चा अधूनमधून होते आणि विरते.

निवांत_नाना

लेख वाचून १९८७ सालात गेलो. कंपनीने सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला कावासाकीला धाडलं होतं. वसतिगृहात एसी नव्हता. मातीचं एक पोकळ डुक्कर होतं, तोंड वासलेलं, त्याच्या पोटात डासांची कॉइल पेटवून ठेवायची. डुकराच्या तोंडातून धूर. पहिल्या रात्री घाबरलो होतो.

कॉइल आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की ती मूळची जपानी आहे हे ध्यानात येत नाही. शेवंतीच्या जातीतलं एक फूल, त्याची पूड डास मारते. १८९० मध्ये वाकायामाच्या एइइचिरो उएयामा यांनी त्याची उदबत्ती केली. पण उदबत्ती चाळीस मिनिटांत संपायची आणि माणसाची झोप सात तासांची. मग ती लांब करून वेटोळं घालायची युक्ती निघाली, ती उएयामांच्या पत्नीला सुचली असं सांगतात. वेटोळ्याची कॉइल १९०२ पासून बाजारात आली. वेटोळ्याचं गणित बाईलाच सुचणार, चकल्या पाडणाऱ्या हाताला. (हे माझं संशोधन, इतिहासात नाही.)

सावलीकडून, तुम्हाला डास चावले नाहीत का?

सावलीकडून

नाना, चावले नाहीत. पारा पस्तिशीच्या पुढे गेला की डासही गळपटतात. ते येतात अंधारून आल्यावर, काळे-पांढरे पट्टेवाले. कारल्याच्या घराच्या पायरीवर कॉइल आहे, पण डुक्कर नाही, बिस्किटाच्या डब्याचं झाकण.

@नकाशातला_माणूस, आज सकाळी दूध आणायला गेले तेव्हा मुद्दाम पावलांनी मोजलं. तीन घरांसमोर सहा पावलं, बंद घरासमोर चार. कुंड्याही आहेत. अकरा.

कोकमसरबत

मी तोक्योजवळच वृद्धांच्या केंद्रात काम करते, म्हणून एक वेगळं लिहिते. गल्ली रिकामी असण्याचं कारण दरवेळी शांतता नसतं. घरात कुणीतरी एकटं असतं. २०२४ च्या मे ते सप्टेंबरमध्ये उष्माघाताने रुग्णवाहिकेतून नेलेल्यांचा आकडा सत्त्याण्णव हजारांवर गेला. निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढचे, आणि सर्वाधिक घटना घरात घडलेल्या. उन्हात नाही, घरात! एसी असतो, लावत नाहीत. 'थंडी बाधते', 'बिल येतं', 'आमच्या वेळी नव्हता'. म्हाताऱ्या माणसाला उकडतंय हे अंगाला उशिरा कळतं. आमच्याकडच्या एक आजी स्वेटर घालून बसायच्या. रिमोटवर मी लाल टिकली लावून दिली, 'ही दाबायची' म्हणून. दुसऱ्या आठवड्यात बघते तर टिकली सोलून भिंतीवरच्या देवाच्या कागदाला लावलेली.

म्हणून त्या आजी 'ऊन आहे, जा घरी' म्हणाल्या याला उद्धटपणा समजू नका. इथे उन्हाळ्यात निरोप असाच घेतात.

कारल्याचा पडदा मात्र थंडाव्यासाठीच. २०११ च्या भूकंपानंतर अणुभट्ट्या बंद पडल्या, विजेची टंचाई झाली, तेव्हा शाळा, कचेऱ्या, घरं, सगळ्यांनी हे वेल लावले. पानांतून पाणी उडतं म्हणून जाळीमागची हवा गार राहते. आणि आजी कागोशिमाच्या आहेत हे महत्त्वाचं! मूळ तोक्योच्या त्या वयाच्या माणसाने लहानपणी कारलं बहुधा खाल्लं नसतं. ओकिनावाचं, म्हणजे दक्षिणेकडच्या बेटांवरचं, कारलं मुख्य भूमीवर पाठवायला बंदी होती, फळमाशीमुळे. नपुंसक केलेल्या माश्या हवेत सोडून सोडून ती माशी संपवली, १९९३ मध्ये. त्यानंतर कारलं उत्तरेकडे आलं.

रुळावरून_घसरलेला

कारल्याला व्हिसा मिळायला १९९३ उजाडलं. माझा दोनदा नाकारलाय, आशा ठेवतो.

फणसाची_आठळी

@कोकमसरबत, टिकलीचं वाचून थांबले थोडा वेळ.

तळमजला

मीही. माझी आई पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटी असते. एप्रिलात एसी बसवून दिला. 'पाहुणे आले की लावते' म्हणते.

सावलीकडून (२१ ऑगस्ट)

धागा वर काढतेय, कारण पुढचं घडलं.

मधे ओबोन होऊन गेला. आपल्या पितृपक्षासारखं म्हणा. पूर्वज घरी येतात आणि परत जातात. आजींच्या खिडकीत काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार-चार पाय लावून ठेवलेले दिसले. काकडी म्हणजे घोडा, येताना पूर्वजांनी लवकर यावं म्हणून. वांगं म्हणजे गाय, जाताना रमतगमत जावं म्हणून. काकडी बहुतेक त्याच फळीवरची, शंभर येनवाली. माझ्या मुलाला वांग्याची गाय फार आवडली. त्याने वांगं आणून घोडाच केला.

सतरा तारखेला आमच्या दाराच्या मुठीला पिशवी. आत चार कारली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आमचं घर आजींना कसं कळलं, विचारू नका. दोन चौकांत एकच भारतीय घर आहे. मी पातळ काचऱ्या केल्या, चिंच-गूळ लावून, कुरकुरीत. डब्यात भरून दिल्या. गोड कारलं? त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, 'नवऱ्याने खाल्लं असतं.' काकडीच्या घोड्यावरून कोण आलं होतं ते तेव्हा कळलं.

एसीचं विचारलं. @कोकमसरबत, तुमच्यामुळेच धीर झाला. लावते म्हणाल्या, रात्री. दुपारी? दुपारी हा पडदा आहे ना, म्हणून कारल्याकडे बोट. मी वाद घातला नाही. पण आता चारच्या ऐवजी दोनला त्या गल्लीतून एक चक्कर मारते. त्यांच्या दारापुढे पाणी मारलेलं दिसलं की पुढे जाते.

काल डबा परत आला. रिकामा नाही, अर्थातच. रिकामा डबा इथेही परत करत नाहीत. आत म्योगाचे सहा कोंब. आल्याच्या जातीचे, गुलाबीसर, कांद्याच्या पातीसारखा काहीतरी वास. याचं करतात काय? नूडल्सवर बारीक चिरून घालतात एवढं ठाऊक आहे, पण आमच्याकडे रोज वरणभात.

ओसाकाकर

टोफूवर. गार टोफू, वर म्योगा, सोया सॉस. दोन मिनिटांचं काम.

निवांत_नाना

पुढील लेखनास शुभेच्छा. म्योगाचं लोणचं घाला, आल्याचं घालतो तसंच. आणि डब्यात परत काय घालणार ते ठरवून ठेवा, आता तुमची पाळी.

फणसाची_आठळी

मी असते तर कोशिंबीर केली असती. दही, मीठ, साखर, वरून हिंगाची फोडणी. वाईट झाली तर नवऱ्याला.

सावलीकडून

कोशिंबीर केली. नवऱ्याने निमूट खाल्ली, म्हणजे बरी नव्हती. उरलेले तीन टोफूवर.

आज संध्याकाळपासून नवा सेमी सुरू झालाय, 'त्सुकु-त्सुकु-बोऽशी, त्सुकु-त्सुकु-बोऽशी'. हा ओरडायला लागला की इथली मुलं गंभीर होतात, कारण सुट्टी संपत आली आणि गृहपाठ राहिलाय. आमच्या चिरंजीवांच्या निरीक्षण-वहीत दोन पानं कोरी आहेत. एकावर वांग्याचा घोडा काढतोय.